काझी सरांचे सोळा ठोके

शहागंजच्या मंडईत काझी सर शिरले की टरबूजवाले आपापल्या ढिगावर गोणपाट ओढायला लागायचे. एक टरबूज घ्यायला सर चाळीस टरबुजांवर टिचक्या मारायचे, आणि त्याही एकेक नव्हे. टिचकी, कान, पुन्हा टिचकी, पुन्हा कान. मागे गर्दी जमायची. गर्दीतलं कोणी खोकलं तर सर वळून ओठांवर बोट ठेवायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी एक टरबूज उचलून ते जाहीर करायचे, "याच्यात डाव्या अंगाला पोकळी आहे." मग गर्दी ऐकते होय? टरबूज कापायलाच लावायची. पोकळी निघायचीच. टाळ्या पडायच्या, फोडी वाटल्या जायच्या, आणि सर दुसरंच भरीव टरबूज काखेत मारून औरंगपुऱ्यातल्या आपल्या घराकडे चालू लागायचे.

मी हे सगळं पाहिलेलं आहे, कारण त्यातल्या निम्म्या वेळा त्यांची पिशवी माझ्या हातात असायची.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, तेव्हा आमच्या शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. माझा विषय खनिजं. खनिजं सावलीत, पंख्याखाली, टेबलाशी बसून शिकवता येतात, म्हणूनच मी तो विषय घेतला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. सरांचा विषय जमिनीच्या पोटातला, आणि त्यासाठी माणसाला जमिनीच्या पाठीवर भर उन्हात उभं राहावं लागे. अशा प्रत्येक वेळी सर मला न्यायचे. विभागात माझ्यापेक्षा उत्साही माणसं होती. सर हसले की हसणारी, सरांनी मान डोलावली की त्यांच्याआधी मान डोलावणारी. त्यांना ओलांडून सर माझ्या टेबलापाशी यायचे, टेबलावर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "चला मॅडम, जमीन बोलतेय."

"तिला म्हणावं नोव्हेंबरात बोल," मी म्हणायचे.

सर हसायचे, माझी छत्री स्वतःच उचलायचे आणि जिना उतरायला लागायचे. छत्रीपाठोपाठ मला जावंच लागायचं. मलाच का, हे कोडं मला पुढची वीस-बावीस वर्षं उलगडलं नाही.

दिसायला सर म्हणजे एक लांबलचक पांढरा सदरा आणि दोन मोठे कान. मधे माणूस कमीच. चालताना रस्त्यातल्या दिव्याच्या खांबांवर, दुकानांच्या फळ्यांवर, उभ्या ट्रकच्या टाकीवर त्यांची बोटं आपोआप वाजायची. आमच्या इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी नवीन घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला सगळा स्टाफ गेला. सगळे जिलेबीवर तुटून पडले असताना सर भिंतीला कान लावून घरभर फिरत होते. थोड्या वेळानं ते यजमानांना म्हणाले, "मुबारक हो! घर चांगलं झालंय. फक्त ही भिंत, ती भिंत आणि देवघराची मागची भिंत आतून पोकळ आहे." यजमानीणबाईंचा चेहरा पाहून मी सरांना अक्षरशः ओढत बाहेर आणलं. त्यानंतर स्टाफमधल्या तिघांनी घरं बांधली, पण वास्तुशांतीला आमच्या विभागाला बोलावणं आलं नाही. सर मात्र दर वेळी विचारायचे, "अरे, त्यांनी अजून वास्तुशांत केली नाही?"

दुसरी खोड याहून वाईट. कोणत्याही गोष्टीचं उत्तर एकदा मिळून त्यांचं समाधान होत नसे. बसस्टँडवर ते चौकशीच्या खिडकीत विचारायचे, "पैठणला हीच लागते का?" मग कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या आजीबाईंना. आजीबाई म्हणायच्या, "व्हय बाबा, पैठणलाच जाती, बस आता." तेव्हा कुठं सर टेकायचे. वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी सर डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा." पोरगं पुन्हा सांगायचं. "पुन्हा." तिसऱ्या वेळी निम्मी पोरं घाबरून उत्तर बदलायची. तेव्हा सर डोळे उघडून म्हणायचे, "बघा, गेलं. खरं असतं तर टिकलं असतं."

या खोडीचं मूळ एका यंत्रात होतं. यंत्र म्हणजे शिवणयंत्राच्या पेटीएवढी एक जड पेटी, तिला छोटासा हिरवा पडदा, आणि तिच्यातून निघणारी लांब केबल. केबलला बारा टोकं आणि प्रत्येक टोकाला जमिनीत रोवायचा एक खिळा. पुस्तकात त्याला जिओफोन म्हणतात. सर त्यांना कान म्हणायचे. "बारा कान रोवा," म्हटलं की ओळीनं बारा खिळे ठोकायचे. मग जमिनीवर एक जाड लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर घणाचा ठोका घालायचा. ठोक्याचा आवाज जमिनीत उतरतो. काळ्या मातीखाली मुरूम लागला की थोडा तिथून परत फिरतो, मुरमाखाली कातळ लागला की थोडा तिथून, कातळाखाली पुन्हा मऊ थर लागला की थोडा तिथूनही. विहिरीत हाक मारल्यावर ती परत येते, तसंच. कोणतं उत्तर किती वेळानं आलं हे बारा कान ऐकतात, त्यावरून कोणता थर किती खोल आहे ते काढता येतं. न खणता जमिनीच्या पोटातलं चित्र कागदावर उतरतं.

अडचण एवढीच की ते उत्तर फार बारीक असतं. वाऱ्यानं हलणारं लिंबाचं झाड, लांबून जाणारा ट्रक, चरणारी म्हैस, सगळ्यांची थरथर त्या कानांना ऐकू जाते. म्हणून एकाच जागी सोळा वेळा मारायचं आणि सोळाही उत्तरं यंत्रात एकावर एक रचायची. म्हशीची थरथर दर वेळी वेगळी, ती आपसांत मिटून जाते. खडकाचं उत्तर दर वेळी तेच, ते वाढत जातं. सर म्हणायचे, "जमिनीला एकदा विचारून काय फायदा? सोळा वेळा विचारा. जे दर वेळी तेच बोलते, तेवढंच खरं." आणि मग ते हीच गोष्ट आणखी पंधरा वेळा सांगायचे.

घण मारायचे किसनराव. आमच्या विभागाचे शिपाई, तरुणपणी कुस्त्या मारलेले. पोरांच्या हाती सर घण देत नसत, कारण पोरांचा प्रत्येक ठोका वेगळा पडे. किसनरावांचे सोळाही ठोके एका मापाचे. सर बाजूला उभं राहून खड्या आवाजात मोजायचे, "ए...क! दो...न!" आणि शेवटच्या अक्षरावर घण पडायचा. ऐकणाऱ्याचीही मान हलायला लागायची इतका तो ठेका पक्का होता.

असंच एका मार्चच्या शेवटी आम्ही पैठण रस्त्यावरून आत एका गावी गेलो. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दोन महिने सरांच्या मागे लागल्या होत्या. ठेंगण्या, तोंडानं फटकळ, पोरांवर जीव असलेल्या बाई. शाळेत पाणी नव्हतं. गावातही नव्हतंच, बाया-मुली दीड कोसावरून आणायच्या. बाईंनी आम्हाला एक रिकामा बाक दाखवला. "हा चौथीतल्या पोरींचा बाक. दिवाळीपर्यंत तिघी बसायच्या. आता तिघीपण घागरी घेऊन हिंडतात. शाळेतच पाणी लागलं तर घागर भरायला तरी शाळेत येतील, आल्या की मी बसवते बरोबर." बऱ्याच खटपटीनंतर बोअरची गाडी मिळाली होती, पण ती रविवारी एका दिवसापुरती येणार होती. "एकच भोक मिळणार आहे सर," बाई म्हणाल्या. "कोरडं गेलं तर गाडी पुढच्या गावाला. मग आमच्याकडं कधी येईल, देवालाच माहीत."

सरांनी कामाला सुरुवात केली. प्रथम गाव गप्प केलं. पिठाची गिरणी बंद, पारावरचा रेडिओ बंद, बैल लांब बांधलेले, शेळ्या हाकललेल्या. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ होती, त्याला सरांनी स्वतःच्या खिशातली खडीसाखर दिली. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांनाच ठसका लागत होता, हवेत काहीतरी तिखट होतं, पण कारण शोधायला कुणाला सवड नव्हती. सर मोजत गेले, किसनराव ठोके घालत गेले. सोळा झाले आणि पडद्यावर असा काही सुरेख, ठळक थर उमटला की सरांनी किसनरावांना मिठीच मारली.

थर जाडजूड होता आणि शाळेच्या कुंपणाच्या बाजूला वर चढत गेला होता. "कुंपणापाशी साठ फुटांवर!" सर ओरडले. सोबत आलेल्या दोघा तरुण प्राध्यापकांनी लगेच माना डोलावल्या. "हो सर, एकदम स्पष्ट आहे सर."

मी छत्रीखालून म्हटलं, "एवढा चढ? अख्ख्या मराठवाड्यात आपले थर पाटावर ठेवल्यासारखे आडवे. या एका शाळेखालीच जिना कुठून आला?"

"मॅडम, ऊन लागलंय तुम्हाला," सर म्हणाले. त्यांनी कुंपणापाशी चुन्यानं मोठी फुली मारली. बाईंनी त्यांना नारळ दिला. मला खरंच ऊन लागलं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

त्या रविवारी दुपारी मी कागद घेऊन सरांच्या घरी गेले. आलेख माझ्या हाताचे नीट उतरायचे, म्हणून ते काम माझ्याकडे असे. सरांच्या बायकोला आम्ही सगळे चाची म्हणायचो. चाची आत खलबत्त्यात लसूण कुटत होत्या, सर टेबलाशी अर्ध्या जेवणावर बसून आलेखाकडे कपाळाला आठ्या घालून बघत होते. माझी शंका त्यांच्या डोक्यात शिरलेली दिसत होती.

"मॅडम, हे उलटं आहे," ते एकदम म्हणाले. "जमिनीखालून आलेलं उत्तर घणाच्या जवळच्या कानाला आधी ऐकू यायला पायजे. इथं घणापासून सगळ्यात दूरच्या बाराव्या कानानं आधी ऐकलंय. कुंपणाजवळच्या."

"मी तेच म्हणत होते."

"पण सोळा वेळा आलंय ना! सोळाही वेळा तेच! खोटं सोळा वेळा कसं येईल?"

विचार करताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजायला लागली. टक, टक, टक. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आत चाचींचा बत्ताही त्याच ठेक्यात पडतोय. सरांनी बोटं थांबवली, बत्ता थांबला. सरांनी पुन्हा सुरू केलं, बत्ता सुरू झाला. सरांचे डोळे मोठे व्हायला लागले. कान तर आधीच मोठे होते.

"बेगम!" ते ओरडले. "तुम्ही माझ्या बोटांबरोबर कुटताय?"

"मग?" आतून चाची म्हणाल्या. "पच्चीस साल से कूट रही हूँ. हात को आदत पड गई."

सर ताटावरून उठले. भाताचा हात तसाच. "मिरच्या!" ते म्हणाले. "मॅडम, त्या दिवशी ठसका कशाचा होता? कुंपणापलीकडं बाया मिरच्या कुटत होत्या! मी मोजायचो, किसनरावांचा घण पडायचा, आणि त्याच वेळी त्यांचं मुसळ पडायचं! म्हणून आपल्याला वेगळं ऐकूच आलं नाही! आपण थांबलो की त्या थांबायच्या!"

सोळा वेळा रचून रचून आम्ही मिरच्यांच्या कांडपाचा थर तयार केला होता, आणि त्यावर फुली मारून आलो होतो. मला हसू आवरेना. मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते आणि सर एका हातानं चप्पल शोधत होते. "हसा मागून! गाडी आज दुपारीच येणार आहे!" तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. मला तो चौथीतला रिकामा बाक आठवला.

गावात फोन नव्हता आणि रविवारी कॉलेजची जीप मिळायची नाही. किसनरावांना घरून उठवलं. यंत्र ठेवायच्या स्टोअरची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची, म्हणून बरं. रिक्षा करून बसस्टँड गाठलं. सरांच्या मांडीवर यंत्र, माझ्या मांडीवर त्याला लागणारी गाडीची बॅटरी, किसनरावांच्या खांद्यावर घण. घण पाहून एसटीत आम्हाला लगेच जागा मिळाली. कंडक्टरनं पेटीकडं बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?" सर म्हणाले, "बारा कान." त्यानं पुढं काही विचारलं नाही. आणि एवढ्या घाईतही सरांनी बस सुटण्याआधी चौघांना विचारलंच, ही पैठणलाच जाते ना.

फाट्यावर उतरून आम्ही जवळजवळ पळतच शाळेशी पोचलो. बोअरची गाडी फुलीवर उभी होती, तिचा मनोरा चढवलेला, सगळं गाव गोळा झालेलं. बाईंनी नारळ फोडायला हात वर केला होता.

"थांबा!" सर फाटकातूनच ओरडले. "ती फुली चुकीची आहे!"

अख्खं गाव वळून बघायला लागलं. बाईंचा हात वरच राहिला. "सर, परवा तुम्हीच मारली ना ती?"

"मीच मारली. माझी चूक झाली." धापा टाकत सर सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले. त्यांना गप्प बसता आलं असतं. कोरडं भोक गेलं असतं तर जमिनीवर ढकलता आलं असतं, आमच्या विषयात ती सोय असते. पण सरांनी मोठ्यानं सांगितलं, "जो थर मी दाखवला तो जमिनीत नाय. तो कुंपणापलीकडच्या अंगणात आहे. त्या दिवशी तिथं कोण कुटत होतं?"

मग पदर खोचलेली एक उंच, काळीसावळी बाई पुढं आली. "म्या. गयाबाई. मी आन माज्या जावा. वरसाचं तिखट होतं. काय चोरी केली का?"

"नाय माय, चोरी नाय. पण तुम्ही आमच्या ठोक्याबरोबर मुसळ मारत होता का?"

"व्हय मग!" गयाबाई म्हणाली. "तुमी लई झ्याक मोजत होता. त्या तालावर हात हलकं पडत होतं बगा. दोन पायल्या मिरच्या कवा झाल्या कळलं बी नाय. तुमी गेल्यावर मग लई जड गेलं."

हसण्याचा असा काही स्फोट झाला की मनोऱ्यावर बसलेले कावळे उडाले. मुख्याध्यापिका बाई हसल्या नाहीत. "सर, दुपार निम्मी गेली. अण्णा थांबणार नाहीत."

बोअरवाले अण्णा तमिळ. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "सार, अंधेरे से पहले दुसरे गाव पहुँचना है. एक घंटा देता."

"एक तास पुरे," सर म्हणाले. "पण आधी गयाबाई, उखळ घ्या आणि कुटा."

त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती. बारा कान पुन्हा रोवले. सर मोजायला लागले, किसनराव घण घालायला लागले आणि कुंपणापलीकडं गयाबाई रिकाम्या उखळात मुसळ घालायला लागली. सोळा झाल्यावर पडद्यावर तोच जाडजूड, चढणारा थर हजर. मग गयाबाईला गप्प बसवलं. पुन्हा सोळा. थर गायब! लोक पडद्यापाशी वाकून बघत होते आणि जादूचा खेळ चालल्यासारखे चीत्कारत होते. गयाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि जावेला म्हणाली, "बग, माजा थर होता."

पण त्या गायब झालेल्या थराच्या जागी आता खाली, अगदी फिकट, दुसरी रेघ दिसत होती. आधी ती गयाबाईच्या थराखाली झाकली गेली होती. आडवी, शहाण्यासारखी, आमच्या सगळ्या थरांसारखी. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "ही मला पटते. पण आणखी एकदा."

"पुन्हा!" सर म्हणाले.

पाच ओळी, ऐंशी ठोके. गाव श्वास रोखून उभं. दुसऱ्या ओळीत एका कोंबड्यानं बांग दिली, तेव्हा चार माणसं त्याच्यामागं धावली. किसनरावांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण ऐंशीवा ठोकाही पहिल्यासारखाच पडला. ती फिकट रेघ झेंड्याच्या खांबापाशी दुहेरी होत होती, म्हणजे तिथं पाणी धरून ठेवणारा मऊ थर जाड होता. सरांनी खांबापाशी नवी फुली मारली. या वेळी ती लहान होती.

"किती फूट?" बाईंनी विचारलं.

"शंभराच्या पुढं. एकशे दहा, वीस."

"नक्की?"

जन्मात प्रथमच सर ना 'नक्की' म्हणाले, ना 'पुन्हा' म्हणाले. ते म्हणाले, "बाई, एवढंच माझ्या हातात होतं."

खांबापाशी बोअरचं मशीन सुरू झालं. साठ फुटांवर काही नाही, पांढरी धूळ. सगळे पांढरे झाले. ऐंशीवर काळा भुगा. शंभरावर काळाच. लोक कुजबुजायला लागले, बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. सर मशीनकडं बघतच नव्हते. ते थोडे लांब जमिनीवर मांडी घालून बसले होते, उजवा तळवा मातीवर टेकून, डोळे मिटून. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. एरवी मी असलं काही करत नाही.

एकशे आठाला भुगा लाल झाला. सर डोळे न उघडता म्हणाले, "मऊ लागलं." मग लाल चिखल आला. मग चिखलाची चिळकांडी, आणि मग एक जाड, गढूळ, थंडगार फवारा असा वर उसळला की झेंड्याच्या खांबाचं टोक भिजलं. पोरं त्यात शिरली, पोरांमागं बाया शिरल्या, बायांमागं बाई शिरल्या. अण्णांनी लुंगी आवरत दोन्ही हात वर केले. गयाबाई ओलीचिंब होऊन सरांसमोर आली आणि म्हणाली, "सायब, तुमच्या मोजण्याचं मला येड लागलंय. पुढल्या साली मिरच्या कुटायला याचं बरं का!" सर खरंच गेले. दर वर्षी मार्चअखेर ते त्या अंगणात उभं राहून सोळापर्यंत मोजून यायचे आणि येताना तिखटाचा डबा आणायचे. त्यातलं निम्मं मला मिळायचं.

त्या शाळेचा आलेख सरांनी फ्रेम करून बैठकीत लावला. बरोबरचा नाही, चुकलेला. त्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'गयाबाईचा थर'. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "बेताल आवाज फसवत नाय, तो आपोआप मिटतो. आपल्याच तालात जो वाजतो, त्याच्यापासून सांभाळा." स्वतःच्या चुकीवर एवढा खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सर निवृत्त झाले, मग मीही झाले. सरांचे ते मोठे कान हळूहळू बंद होत गेले. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण त्यांना वाटत नसावं. चाची जेवायला बोलावताना फरशीवर बत्ता आपटायच्या, सर तळपायानं ऐकून उठायचे.

शेवटची भेट त्याच बैठकीत झाली. मी पाटीवर लिहायचे, सर तोंडी उत्तर द्यायचे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पाटी परत करत म्हणायचे, "पुन्हा." निघताना मला फ्रेमकडं बघून तो जुना प्रश्न आठवला. मी पाटीवर लिहिलं: 'दर वेळी मलाच का उन्हात न्यायचात?'

सरांनी वाचलं आणि इतके हसले की चाची आतून बघायला आल्या.

"बाकीचे सगळे माझ्या तालात कुटायचे मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही एकट्या कधी तालात आला नाही."

पाटी पुसून मी त्यांच्याजवळ ठेवली. मी नमस्कार केला आणि गल्लीत उतरले.

दहा पावलांवर जाऊन मागं पाहिलं तर सर दारातल्या दगडी पायरीवर बसलेले, उजवा तळवा पायरीशेजारच्या फरशीवर टेकलेला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी उभी राहिले. मग, का कोण जाणे, मी गल्लीच्या त्या फरशीवर जोरानं पाय आपटला. सरांनी दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं आणि ओठ हलवले. पुन्हा.

समोरच्या शिंप्यानं यंत्र थांबवलं. एक स्कूटरवाला थांबला. साठी ओलांडलेली, चष्मेवाली, छत्री घेतलेली बाई औरंगपुऱ्याच्या भर गल्लीत पाय आपटत होती, आणि पलीकडं एक म्हातारा डोळे मिटून बोटांवर मोजत होता. शिंप्यानं विचारलं, "क्या हुआ, बाजी?" मी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. चौदा. पंधरा. गुडघा दुखायला लागला होता, तरी सोळावा मी पहिल्यापेक्षा जोरात घातला.

सरांनी डोळे उघडले आणि दोन्ही हात वर करून हसत मला दाखवलं, पोचलं.